उसाचा भाव आणि लोकशाहीची मोजदाद

पुण्याच्या गोखले संस्थेचे पूर्ण नाव ‘गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था’ असे आहे. १९३० साली ती स्थापन झाली तेव्हा ही दोन शास्त्रे एका छपराखाली नांदावीत यात कोणाला नवल वाटले नसावे. पुढे मात्र त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी मतपेटी पाहिली, अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी बाजारपेठ पाहिली. आणि या दोहोंच्या मधली जी जागा, जेथे आपल्या ग्रामीण समाजाचे खरे राजकारण चालते, ती बराच काळ दोघांच्याही नजरेतून निसटली. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या जागेचे नाव सहकारी साखर कारखाना असे आहे. भारतीय लोकशाहीविषयी गेल्या साठ वर्षांत जे संशोधन झाले, त्यातील काही अत्यंत मोलाचा भाग या कारखान्यांच्या कागदपत्रांतून निघाला आहे. आज ते कागदच दुर्मिळ होऊ लागले आहेत. याकडे कोणाचे फारसे लक्ष नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्वातंत्र्यानंतर भारतीय राजकारणाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तेव्हा अभ्यासकांपुढे पहिला प्रश्न होता तो मतदाराचा. दरिद्री, निरक्षर आणि जातींत विभागलेल्या समाजाला प्रौढ मताधिकार झेपेल काय, ही शंका परदेशी पंडितांइतकीच आपल्याकडील सुशिक्षितांच्याही मनात होती. (दिवाणखान्यातील गप्पांत ती अजूनही अधूनमधून डोके वर काढते.) या शंकेला उत्तर देण्यासाठी मतदारालाच विचारणे भाग होते. पुणे विद्यापीठाचे प्रा. व. म. सिरसीकर यांनी १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुण्याच्या मतदाराचा अभ्यास केला व १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. दिल्लीत १९६३ मध्ये रजनी कोठारी यांनी विकसनशील समाज अध्ययन केंद्राची स्थापना केली आणि १९६७च्या निवडणुकीपासून तेथे देशव्यापी सर्वेक्षणांस आरंभ झाला. मध्यंतरी खंड पडला; १९९६ पासून ही परंपरा पुन्हा नेटाने चालू झाली. या सर्वेक्षणांतून एक गोष्ट पुढे आली ती अशी, की पाश्चात्त्य देशांत गरीब माणूस मतदानास फारसा बाहेर पडत नाही; आपल्याकडे मात्र तो सधनांच्या मागे नाही, किंबहुना अनेकदा पुढेच असतो. सुशिक्षितांच्या शंकेचे एवढ्याने निरसन व्हावयास हरकत नव्हती.

परंतु मतदान हा पाच वर्षांतून एका दिवसाचा व्यवहार आहे. उरलेल्या दिवसांत सत्ता कोणाच्या हाती असते, ती कोणाच्या पैशावर चालते आणि तो पैसा शेवटी कोणाच्या खिशातून येतो, हे प्रश्नावलीतून कळत नाही. निवडणुकीचा खर्च कोठून केला, या प्रश्नाचे खरे उत्तर देणारा उमेदवार अद्याप जन्मावयाचा आहे. तेव्हा ज्याला हे जाणून घ्यावयाचे असेल त्याने माणसांना विचारण्याऐवजी हिशेबाच्या वह्यांना विचारले पाहिजे.

कारखान्याच्या दारात

सत्तरच्या दशकाच्या आगेमागे संशोधकांची पावले जिल्ह्यांकडे वळली. मायरन वीनर यांनी काँग्रेस पक्षाच्या बांधणीचा अभ्यास करताना जे पाच जिल्हे निवडले, त्यांत बेळगाव होते. मेरी कॅरास यांनी महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांमधील गटबाजीवर लिहिले, अँथनी कार्टर फलटण तालुक्यात येऊन राहिले, सिरसीकरांनी ग्रामीण नेतृत्वाची पाहणी केली. या साऱ्यांना हिंडता हिंडता एकच गोष्ट दिसली असावी. तालुक्यात कोणाचे चालते, या प्रश्नाचे उत्तर शोधावयास निघाले की पाऊलवाट कारखान्याच्या दारात येऊन थांबते. बी. एस. बाविस्कर यांनी मग सरळ कोपरगावचा कारखानाच अभ्यासाला घेतला. त्यांचा ग्रंथ १९८० साली आला. पुढच्याच वर्षी जयंत लेले यांचा महाराष्ट्रातील अभिजनांच्या वर्गसत्तेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. वरवर दिसणाऱ्या गटांच्या स्पर्धेखाली सधन शेतकरी वर्गाची सत्ता अबाधित राहते, असा त्यांचा रोख होता.

सहकारी साखर कारखाना अभ्यासकांना एवढा का खुणावत होता, हे समजून घेतले पाहिजे. प्रवरेचा पहिला कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खटपटीतून उभा राहिला व १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. त्याचे अध्यक्षपद सुरुवातीच्या काळात धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे होते. म्हणजे गोखले संस्थेचा संचालक हाच कारखान्याचा अध्यक्ष. अर्थशास्त्रज्ञाने शेतकऱ्यांच्या संस्थेचा कारभार स्वतः पाहावा, असा योग पुन्हा क्वचितच आला. या संस्थेचा पाया होता ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व. भांडवलदारी कंपनीत शेअरगणिक मत असते. येथे अर्ध्या एकराच्या धन्याला आणि पन्नास एकराच्या बागाईतदाराला मतपत्रिका एकच. संचालक मंडळाची निवडणूक, वार्षिक सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण, इतिवृत्त, सारे काही कायद्याने बांधलेले. विधानसभेत होते ते सर्व येथे छोट्या प्रमाणावर होते. फरक इतकाच, की येथे लोकशाहीचा परिणाम दर टनामागे रुपयांत मोजता येतो. संशोधकाला याहून अधिक काय हवे?

त्या रुपयांचा हिशेब थोडा उलगडून सांगावा लागेल. शेतकऱ्याचा ऊस गेला की त्याला पहिली उचल मिळते, पुढे दुसरा हप्ता, आणि हंगामाचा हिशेब झाल्यावर अंतिम भाव. रास्त व किफायतशीर दर, ज्याला आता सर्वत्र एफआरपी म्हणतात, तो २००९ साली आला. त्यापूर्वी किमान वैधानिक दराच्या वर किती द्यावयाचे हे बव्हंशी संचालक मंडळाच्या हाती असे. शिवाय बिलातून कपाती होत: ठेवी, शिक्षणसंस्थांचे निधी आणि आणखी कशाकशाचे निधी. ग्रामीण महाराष्ट्रातील कितीतरी शाळा-महाविद्यालयांची पायाभरणी या कपातींतून झाली आहे आणि माझ्या पेशातील अनेकांची उपजीविका त्या पायावर उभी आहे, हे नोंदवल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

आता कल्पना करा की एका कारखान्याने दहा लाख टन ऊस गाळला आणि भाव टनाला पन्नास रुपयांनी कमी दिला. कारखान्यात पाच कोटी रुपये राहिले. चाळीस टन ऊस घालणाऱ्या लहान शेतकऱ्याचे त्यात दोन हजार रुपये गेले. पाचशे टन घालणाऱ्या अध्यक्षाचे पंचवीस हजार गेले. वरवर पाहता अध्यक्षाचेच नुकसान अधिक. परंतु पाच कोटी कोठे खर्च करावयाचे, कोणाला नोकरी, कोणाला कंत्राट, कोणत्या गावाला रस्ता, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती आला. पंचवीस हजारांत हा सौदा कोणीही करील.

अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे या चार अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे मर्म थोडक्यात हेच आहे. त्यांनी १९७१ ते १९९३ या काळातील महाराष्ट्रातील जवळजवळ शंभर सहकारी कारखान्यांचे आकडे तपासले. मत सर्वांना एक असले तरी संस्थेवरील ताबा सर्वांचा सारखा नसतो, हे त्यांचे गृहीतक; आणि ज्या परिसरात जमिनीची विषमता अधिक, तेथे उसाचा भाव कमी आणि कारखान्याची गाळपक्षमताही कमी, हा त्यांचा निष्कर्ष. विषमतेचा तोटा केवळ गरिबाला होतो असे आपण समजतो. येथे दिसते ते असे, की विषमता संस्थेचीच वाढ खुंटवते.

याच्या अगदी उलट बाजूही अभ्यासकांनी मांडली आहे आणि ती सहज झटकून टाकण्यासारखी नाही. डोनाल्ड अ‍ॅटवुड आणि बाविस्कर यांनी १९८७ साली महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांची उत्तर प्रदेशाशी तुलना करून येथले कारखाने यशस्वी का झाले याची मीमांसा केली. त्यांच्या मते लहान व मोठ्या ऊस उत्पादकांचे हितसंबंध येथे एकमेकांत गुंतलेले आहेत. कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तरच सर्वांना भाव, आणि पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी लहान शेतकऱ्याचा ऊस हवाच. त्याला फार नाडले तर तो गुऱ्हाळाकडे वळेल किंवा पुढच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलकडे. गटबाजीला आपण नावे ठेवतो, परंतु दोन तुल्यबळ गट असले की एकाच्या हिशेबावर दुसऱ्याची नजर राहते, हे तालुक्याच्या राजकारणाचा अनुभव असलेला कोणीही सांगेल. मला स्वतःला असे वाटते की हे दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी बरोबर असावेत. गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवरील, एकमेकांना खेटून असलेले जुने कारखाने एक गोष्ट सांगतात. जेथे दूरवर एकच कारखाना आणि त्यावर एकाच घराण्याचा ताबा, तेथील कारखाने दुसरी.

निवडणुकीच्या वर्षी काय होते

संदीप सुखटणकर यांचा २०१२ सालचा निबंध याहून धीट आहे. त्यांनी १९९३ ते २००५ या काळातील महाराष्ट्रातील साखर कारखान्यांची माहिती गोळा केली. त्यांतील निम्म्याहून अधिक कारखान्यांचे अध्यक्ष या काळात कधी ना कधी विधानसभेच्या वा लोकसभेच्या निवडणुकीस उभे राहिले होते. त्यांचा प्रश्न साधा आहे. राजकारणी अध्यक्ष असलेला कारखाना निवडणुकीच्या वर्षी उसाला काय भाव देतो? उत्तर असे, की तो कमी देतो.

दोन कारखान्यांचे भाव शेजारी मांडून असा निष्कर्ष अर्थातच काढता येत नाही. एकाची यंत्रे जुनी असतात, दुसऱ्याच्या परिसरात साखर उतारा चांगला असतो, तिसऱ्यावर कर्जाचा बोजा असतो. म्हणून प्रत्येक कारखान्याची तुलना प्रथम त्याच्या स्वतःशी करावयाची: निवडणुकीचे वर्ष आणि इतर वर्षे. मग त्याच वर्षांत ज्या कारखान्यांचा अध्यक्ष निवडणुकीच्या राजकारणात नाही त्यांच्याशी. पाऊसमान, साखरेचे दर, सरकारचे धोरण यांचा परिणाम सर्वांवर सारखाच होत असल्याने तो या वजाबाकीत गळून पडतो. हाती उरतो तो फरक उत्पादकता घटल्याने पडलेला नाही, हेही त्यांनी तपासून पाहिले. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जाताना कोणी पाहिला नाही. मात्र उसाच्या बिलावर त्याच्या पावलांचे ठसे राहिले.

या निबंधाचा उत्तरार्ध मला अधिक अर्थपूर्ण वाटतो. निवडून आल्यावर हे नेते पुढील काळात शेतकऱ्याची काही प्रमाणात भरपाई करीत असावेत, असे आकडे सुचवतात. म्हणजे शेतकऱ्याच्या पैशाने निवडणूक लढवावयाची आणि जिंकल्यावर त्याला भाव वाढवून द्यावयाचा. हे न विचारता घेतलेले कर्जच झाले. आमचा शेतकरी अशा पुढाऱ्याला पुन्हा पुन्हा का निवडून देतो, यावर शहरी मंडळी ‘अडाणीपणा’ हे एका शब्दाचे उत्तर देतात. या आकड्यांच्या उजेडात पाहिले तर तो हिशेब करीत असतो. आपला माणूस मंत्रालयात पोचला तर बुडाले ते परत मिळेल, हरला तर बुडाले ते बुडाले. अशा वेळी सभासदाला आपल्याच पैशाने आपल्याच अध्यक्षाच्या विजयाची काळजी वाहावी लागते. यास लोकशाही म्हणावे की वेठ, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या मंडळींनी सोडवावा. एवढे मात्र मानावे लागेल, की निवडणूक खर्च मर्यादेवरील आपल्या साऱ्या चर्चा पैसा कसा उधळला जातो यावर होतात. तो गोळा कसा होतो यावर प्रकाश टाकणारे अभ्यास फार थोडे आहेत, आणि त्यांतील हा एक आपल्या उसाच्या फडातून निघाला आहे.

या सर्व संशोधनात एक माणूस मात्र जवळजवळ नाही. ऊसतोडणी कामगार कारखान्याचा सभासद नसतो. तेव्हा ‘एक सभासद, एक मत’ या तत्त्वाच्या कक्षेत तो येतच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत फड, ही त्याची व्यवस्था. जान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७८ साली दक्षिण गुजरातेतील बारडोलीच्या सहकारी कारखान्यांवर लिहिताना या मजुरांना केंद्रस्थानी ठेवले. ते मजूर आपल्या खानदेशातून गेलेले होते. शेतकऱ्यांसाठी जो सहकार, तोच मजुरांसाठी किती निष्ठुर होऊ शकतो याचे ते चित्र आहे. मतदार सर्वेक्षण करणारे यादीतून नाव काढून घरी जातात. बीडकडच्या वाडीत हंगामाच्या दिवसांत घरी म्हातारे आणि मुले असतात. २०२४ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला, म्हणजे नेमकी टोळ्या गाव सोडण्याच्या दिवसांत झाली.

दप्तर कोणाकडे?

वर सांगितलेले जवळजवळ सर्व लेखन इंग्रजीत आहे. ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आणि ‘नवभारत’ यांनी सामाजिक शास्त्रांतील विचार मराठीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले, त्यांचे ऋण मोठे आहे. तरी ज्या सभासदाच्या बिलावरून एवढे सिद्धांत निघाले त्याच्यापर्यंत ते पोचले नाहीत. त्याला जे मिळते ते कारखान्याच्या वार्षिक अहवालाचे गुळगुळीत पुस्तक. सर्वसाधारण सभेत विषयपत्रिका वाचून संपण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’च्या आरोळ्या उठतात, विरोधकाच्या हातातील ध्वनिक्षेपक बंद पडतो आणि राष्ट्रगीत होऊन सभा संपते. तरीही १९६०च्या सहकारी संस्था कायद्याने सभासदाला कलम ३२ खाली संस्थेची दप्तरे पाहण्याचा हक्क दिलेला आहे. कलम ८३ची चौकशी आणि कलम ८८खालील नुकसानीची निश्चिती हे आकडे तर तालुक्याच्या ठिकाणी चहाच्या टपरीवरही लोकांना पाठ असतात. सहकाराचे दोष आपल्याला कळले ते हा पारदर्शकपणा, अपुरा का होईना, कायद्यात होता म्हणून.

१९९८ साली साखर उद्योग परवानामुक्त झाला. त्यानंतर खासगी कारखाने वेगाने वाढले; डबघाईला आलेले अनेक सहकारी कारखाने कर्जापोटी विकले गेले. आज राज्यात चालणाऱ्या कारखान्यांपैकी निम्म्याच्या आसपास खासगी आहेत. खासगी कारखाना भाव कमी देतो असे मला म्हणावयाचे नाही. काही ठिकाणी तो अधिक देतो, वेळेवर देतो, आणि सहकाराच्या कारभाराला कंटाळलेला शेतकरी आपण होऊन तेथे ऊस घालतो. २०२५-२६च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये हा किमान दर दोघांनाही सारखाच बंधनकारक आहे. पण खासगी कारखान्याच्या दारात शेतकरी हा माल पुरवणारा आहे, सभासद नव्हे. त्याला सर्वसाधारण सभा नाही, मत नाही, कलम ३२ नाही. अध्यक्षाच्या जागी मालक आला, आणि कित्येकदा तोही राजकारणातलाच असतो. निवडणुकीच्या वर्षी त्याच्या ताळेबंदात काय हालचाल होते हे उद्याच्या संशोधकाने कोणत्या कागदावरून शोधावे? एफआरपी किती थकली याची यादी साखर आयुक्तालय प्रसिद्ध करते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु संचालकांनी एखादा निर्णय का घेतला, त्याला कोणी विरोध केला, कपात कशासाठी झाली, हे इतिवृत्तात असते, यादीत नसते.

२०२१ साली केंद्रात सहकाराचे स्वतंत्र मंत्रालय झाले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ९७व्या घटनादुरुस्तीतील राज्यांच्या सहकारी संस्थांविषयीचा भाग रद्दबातल ठरवला. सहकार हा राज्याचा विषय आहे हे त्यातून पुन्हा स्पष्ट झाले. तेव्हा जे करावयाचे ते राज्यालाच करता येण्यासारखे आहे. प्रत्येक कारखान्याचे गाळप, उतारा, पहिली उचल, अंतिम भाव, कपाती आणि त्या वर्षीच्या संचालकांची नावे यांचा वर्षवार तक्ता १९५०-५१ पासून साखर आयुक्तालयाने मराठीत प्रसिद्ध करावा. यास मोठा खर्च नाही. बरीचशी माहिती आजही कोठल्या ना कोठल्या कपाटात पडून आहे. दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. अवसायनात गेलेल्या कारखान्याचा लिलाव होतो तेव्हा जमीन, यंत्रसामग्री, मळीच्या टाक्या यांचे मूल्यांकन होते. सभांच्या इतिवृत्तांना आणि सभासदांच्या नोंदवह्यांना काही किंमत धरलेली नसते. ही दप्तरे विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी ताब्यात घ्यावीत, आणि ती सभासदाला व त्याच्या मुलाबाळांना पाहावयास खुली असावीत, अशी अट विक्रीच्या कागदातच घालता येईल.